सातवं फडकं

राहीबाईला मी पहिल्या भेटीतच हाकलून दिलं होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला देवमाणूस समजायला नको.

अठ्ठ्याहत्तर सालची दिवाळी नुकतीच उलटली होती. पोलादपूरच्या सरकारी दवाखान्यात मी तेव्हा नर्स होते. सकाळच्या वेळी बाकावर बायका बसलेल्या, आणि बघते तर एकेक जण उठून समोरच्या भिंतीला जाऊन उभी राहत्येय, तोंडाला पदर. बाकाच्या टोकाला ही एकटी उरली. चोवीस-पंचवीस वर्षांची असेल. खाली गोणपाट घातलेलं आणि गोणपाटाखाली फरशी ओली. वास तर असा की माझ्यासारखीलाही, जिनं अठरा वर्षं बाळंतपणं केली, जीव नकोसा झाला. मी म्हणाले, "बाहेर जाऊन बस. हितं पेशंट बसतात."

ती उठली, गोणपाट गुंडाळलं, पदराच्या टोकानं फरशी पुसली आणि गेली. ती भांडली असती तर मी विसरूनही गेले असते. तिनं फरशी पुसली, तिथं मी अडकले. मी तिच्या मागे गेले.

आंब्याखाली ती उभी होती. मी चहा आणून दिला तर कप घेईना. आता, मी महाडची, बौद्धवाड्यातली. ज्या घरांत माझ्या हातचं पाणी चालत नाही त्यांच्या सुनांची बाळंतपणं मी केलेली आहेत, तेव्हा असा आखडता हात मला लगेच ओळखू येतो. माझं डोकं फिरलं. "का गो, माझा चहा चालत नाय का?"

तिनं मान हलवली. "तसं नाय, बाई. कप बाटंल तुमचा."

त्यानंतर मी तिला कधी हाकललं नाही. दुसरं काय केलं ते पुढे येईलच.

तिची हकीकत नवी नव्हती. आंबेनळी घाटाच्या अंगाला एका वाडीत दिलेली. पहिलटकरीण, तीन दिवस अडली. घोंगडीची डोली करून चौघांनी खाली आणेपर्यंत मूल पोटातच गेलं. बाळाचं डोकं इतका वेळ अडकून राहिलं की लघवीची पिशवी आणि बाळाची वाट यांच्यामधला पडदा दबून दबून मरतो. आठवड्याभरानं तो गळून पडतो आणि तिथं भोक राहतं. मग लघवी थांबतच नाही. बसता, उठता, निजता, सारखी गळत राहते. राहीची सहा वर्षं गळत होती. सासूनं, गोदूबाईनं, तिचं अंथरूण गोठ्यात टाकलं. नवरा मुंबईला होता, त्यानं तिकडेच दुसरी केली. भाऊ सयाजी तिला माहेरी घेऊन आला, पण त्याच्याही घरात बायको-पोरं होती, त्यामुळे माहेरीही गोठाच.

सयाजीनं तिला मुंबईला न्यायचंही करून बघितलं होतं. माणगावला कंडक्टरनं एस.टी.तून उतरवलं. पुढे कोळशाच्या ट्रकमधून गेले. मोठ्या इस्पितळाच्या व्हरांड्यात बारा दिवस काढले, चार महिन्यांनंतरची तारीख मिळाली, आणि ती परत आली ती पुन्हा जायचं नाही असं ठरवूनच.

आमचे डॉक्टर मुरारी भोईटे. फलटणकडचे, वय सत्तावीस, स्त्रियांच्या आजारांचा कोर्स केलेले. माणूस कळवळ्याचा, फक्त घाबरट. त्यांनी तिला तपासलं आणि माझ्या खोलीत येऊन खुर्चीत बसून राहिले.

"सिस्टर, हे ऑपरेशन मी चार वेळा बघितलंय. दुसऱ्यांना चिमटा धरून देत. स्वतः एकदाही केलेलं नाही."

"मग आता करा."

"ते तसं नसतं. पहिल्या वेळी जमलं तर जमलं. फसलं की तिथं व्रण धरतो, मग दुसऱ्या वेळी शिवायला धड कातडीच उरत नाही. तिची ही एकच संधी आहे आणि ती माझ्या हातात द्यायची म्हणजे..."

मी म्हणाले, "आमच्याकडे पोरी वाकळ शिवायला शिकतात तेव्हा त्यांना नवं लुगडं देत नाहीत. चिंध्या देतात."

तिथून तो डबा सुरू झाला.

दुधाच्या पावडरीचे रिकामे डबे स्टोअरमध्ये ढिगानं पडले होते. त्यातल्या एका उंच, अरुंद डब्याचं बूड मी कापलं. आत सायकलची जुनी ट्यूब उभी चिरून अस्तरासारखी बसवली. ही बाळाची वाट. डब्याच्या वरच्या अंगाला खिडकी कापून तिथं फुटबॉलचा ब्लॅडर बांधला. ही लघवीची पिशवी. दोघांच्या मध्ये वाकळीच्या चिंध्यांचा थर. मग दोन्ही थरांतून आरपार एक भोक. ब्लॅडरमध्ये कपड्यांच्या निळीचं पाणी भरायचं, डब्यात पांढरं फडकं ठेवायचं, तासाभरानं काढून बघायचं. निळं दिसलं की टाका फसला.

दुपारी पेशंट संपले की मागच्या खोलीत आमचा उद्योग चालायचा. डबा टेबलाला बांधलेला, माझ्या हातात टॉर्च, डॉक्टर स्टुलावर वाकलेले. चार बोटं खोल, दोन बोटं रुंद जागा. तिथं लांब चिमट्यात सुई धरून आधी पिशवीचा थर वेगळा सोडवायचा, तो शिवायचा, मग वरचा थर शिवायचा, आणि एकाच्या टाक्यावर दुसऱ्याचा टाका येऊ द्यायचा नाही. प्रत्येक टाक्याला तीन वेढ्यांची गाठ. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी सुई डब्यातच हरवली. पहिल्या आठवड्यात फडकी अशी निघत होती की जणू आम्ही कपड्यांना नीळच देत होतो. त्यांचे हात नांगर धरणाऱ्यांच्या घरातले, थोराड. मी त्यांना तसं सांगितलंही. ते चिडायचे, पण दुसऱ्या दुपारी यायचे.

राहीला तोवर मी ठेवून घेतलं होतं. अंगात रक्त नव्हतं, ते भरल्याशिवाय टेबलावर घेता येणार नव्हतं. वॉर्डात बायका तिला राहू देईनात. मागे मोडक्या खाटांची एक खोली होती, तिची खिडकी गंजून बंद झालेली, तिथं ती राहिली. लोहाच्या गोळ्या, गूळ, नाचणीची भाकरी, बोंबील. दिवसभर ती तिथंच. अंगण ओलांडून नळावर यायची तीही कुणी नाही बघून. मी म्हणायचे, "जरा नदीपर्यंत जाऊन ये." ती म्हणायची, "वाऱ्याची दिशा बगून जावं लागतं, बाई." हे ती विनोद म्हणून सांगत नव्हती.

सावित्रीवर बांधलेल्या पुलावरून गाड्या जाताना तिच्या खोलीत ऐकू यायच्या. कुठली गाडी महाडकडे चाललीय आणि कुठली घाटाकडे, हे तिला आवाजावरून कळायचं. सहा वर्षं माणूस एका जागी कोंडलं की असलं काहीतरी शिकतं.

डिसेंबरात एका दुपारी ती दारात येऊन उभी राहिली. डॉक्टर डब्यात वाकलेले होते. तिनं ट्यूब बघितली, ब्लॅडर बघितला, निळं पाणी बघितलं. कुणी काही सांगायची गरज पडली नाही.

"ही मी का?" तिनं विचारलं.

डॉक्टरांचे कान लाल झाले. मीच म्हणाले, "हो."

ती पुढे आली, गोणपाट टाकून बसली आणि डब्यात दोन बोटं घातली. जरा चाचपडली. "माजं असं नाय. तुमी भोक मधोमध पाडलंव. माजं डाव्या अंगाला, वरच्या कोपऱ्यात हाय. उजव्या कुशीवर निजल्ये की वाईच कमी गळतं. नि कडा अशी मऊ नाय. वातड हाय, जुन्या चपलेगत."

मी डॉक्टरांकडे बघितलं. त्यांनी तपासलं तेव्हा कागदावर डावीकडेच लिहिलं होतं. डब्यात भोक मधोमध पाडलं ते आम्हीच, कारण तिथं हात सहज पोचत होता. महिनाभर आम्ही सोपी बाई शिवत होतो.

दुसऱ्या दिवशी राहीनं तिच्या हातानं नवा डबा केला. भोक डाव्या कोपऱ्यात, आणि त्याच्याभोवती चपलेच्या जुन्या कातड्याची भिजवलेली कडा. सयाजी बापाचं जुनं धोतर देऊन गेला होता, त्याचे तिनं हातभर चौकोनी तुकडे कापले आणि एकेकाला किनार घातली, म्हणजे सुतं सुटून डब्यात अडकायला नकोत. मी बघत होते. ती दोऱ्याला गाठ मारत नव्हती.

"गाठ का नाही मारत?"

"आमच्याकडं वाकळीला गाठ नाय मारत. निजणाऱ्याला टोचत्ये. शेवट मागं फिरवून आत दडवायचा." मग डॉक्टरांकडे न बघता म्हणाली, "डाक्टरांना सांगा, ह्याच्यातनं सात दीस लागोपाठ फडकं कोरडं निघालं की मगच मला हात लावायचा. रोज नवी ट्यूब. फडकं मी काढणार. एक दीस डाग पडला तर पुन्ना पयल्यापासून."

डॉक्टर भडकले. पेशंट माझी परीक्षा घेणार? मी म्हणाले, "घेऊ दे की. तुमच्या कॉलेजनं घेतलेली तिला काय उपयोगी पडली?" ते त्या दिवशी जेवायलाही गेले नाहीत, पण संध्याकाळी नवी ट्यूब कापून ठेवली होती.

नवा डबा फार कठीण होता. डावा वरचा कोपरा दिसायचाच नाही, सुई वातड कडेत शिरायची नाही, शिरली तर वाकायची. एक दिवस कोरडं, दुसऱ्या दिवशी निळं. तीन दिवस कोरडं, चौथ्या दिवशी निळं. राही फडकं काढायची, उजेडाला धरायची, आणि डाग असला की एवढंच म्हणायची, "नाय." मग ते धुऊन वाळत टाकायची. तिला राग येत नव्हता याचाच मला राग यायचा.

जानेवारीच्या मध्याला डॉक्टरांच्या बदलीचा हुकूम आला. अठ्ठावीस फेब्रुवारीला इथून मोकळं व्हायचं. नवीन येणारे डॉक्टर दमा-खोकल्याचे, चाकूला हात लावणारे नव्हेत. ऑपरेशननंतर चौदा दिवस लघवीची नळी ठेवायची, रोज बघायची. म्हणजे काही झालं तरी तेरा फेब्रुवारीपर्यंत ऑपरेशन व्हायला हवं. महाडहून कमरेत भुलीचं इंजेक्शन द्यायला एक डॉक्टर येणार होते, त्यांनीही तेरा तारीख दिली. तीच एक.

पाच फेब्रुवारीला सात दिवस मोजायला शेवटची सुरुवात झाली. पाच, सहा, सात. कोरडं, कोरडं, कोरडं. आठ, नऊ, दहा. कोरडं. सहा फडकी दोरीवर ओळीनं लटकत होती आणि डॉक्टर चक्क शीळ घालत फिरत होते. तिसऱ्या दिवसापासून मला जेवण जात नव्हतं. स्वतःच्या मुलीच्या मॅट्रिकच्या वेळीही मी इतकी धास्तावले नव्हते.

अकरा तारखेला, सातव्या दिवशी, डॉक्टरांनी डबा शिवला आणि पेशंट बघायला बाहेर गेले. राही नळावर कपडे धुवायला गेली होती. तास व्हायला दहा मिनिटं कमी होती. मला धीर धरवला नाही. मी फडकं काढून बघितलं.

डाव्या वरच्या कोपऱ्याशी तुरीच्या डाळीएवढा निळा डाग.

मी काय विचार केला ते सगळं सांगता येणार नाही, कारण फार विचार केलाच नाही. पुन्हा पहिल्यापासून सात म्हणजे अठरा तारीख. अठराला महाडचे डॉक्टर नाहीत, आणि त्यानंतर आपले डॉक्टरही नाहीत. राही परत गोठ्यात, आणि या खेपेला कायमची. ती नियमाची पक्की, डाग दिसला तर टेबलावर चढणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. एवढासा तर डाग. डब्याचं रबर निराळं, माणसाचं मांस निराळं, मांस भरून येतं. असं स्वतःला सांगत मी तिच्या टोपलीतून धोतराचा उरलेला तुकडा घेतला, चारी बाजूंनी भराभर किनार घातली, ब्लॅडरमधलं पाणी अर्धं काढलं आणि नवं फडकं डब्यात सारलं. डाग पडलेलं चुलीत घातलं. माझे हात थरथरत नव्हते, ते मला आजही आवडत नाही.

राही आली, हात पुसले, फडकं काढलं. उजेडाला धरलं. मग किनारीवरून बोट फिरवत बराच वेळ उभी राहिली.

"कोरडं हाय," ती म्हणाली.

"हो ना," मी म्हणाले.

बाकीची सहा दोरीवर होती. हे सातवं तिनं घडी घालून कनवटीला खोचलं. मला वाटलं, आनंदानं.

तेरा तारखेला सकाळी नऊला तिला टेबलावर घेतलं. कमरेत इंजेक्शन दिलं, कमरेखालचं अंग बधीर झालं. डोळ्यांवर तिनं स्वतःच पदर ओढून घेतला. मी डॉक्टरांच्या शेजारी, एका हातात आतली बाजू दाबून धरायचा चमचा, दुसऱ्या हातात टॉर्च. आणि खरं सांगते, डॉक्टरांनी असं काम केलं की मला रडू येईल असं वाटलं. भोक तिनं सांगितलं होतं तिथंच, कडा तशीच वातड. एकदाही सुई वाकली नाही. पिशवीचा थर, मग वरचा थर, तीन वेढ्यांची गाठ, पुन्हा तीन वेढ्यांची गाठ. शेवटी डाव्या वरच्या कोपऱ्याशी आले, तिथला टाका घातला आणि कात्री मागितली.

मी म्हणाले, "डॉक्टर, त्या कोपऱ्यात आणखी एक घालता का?"

"कशाला? सात दिवस हाच कोपरा एवढ्याच टाक्यांनी कोरडा राहिलाय. जास्त टाके घातले की तिथं रक्त पोचत नाही, मांस मरतं. हात आवरायलाच तर शिकलो या डब्यावर."

बरोबर होतं त्यांचं. सात दिवस कोरडा राहिला असता तर अगदी बरोबर होतं. एवढंच म्हणायचं होतं की सहाच दिवस, सातव्या दिवशी नाही. माझ्या तोंडाला मास्क होता आणि त्याच्या आत माझं तोंड उघडलंही होतं. पण समोर दुसरे डॉक्टर, टेबलावर ती, आणि मी काय सांगू की मी फडकं बदललं? अठरा वर्षांत कुणी माझ्याकडे बोट दाखवलं नव्हतं. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा मी बघत होते. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, "कात्री, सिस्टर," म्हणाले, आणि मी कात्री दिली.

पिशवीत निळं औषध भरून बघितलं. कोरडं. पण डब्यातला डागही लगेच आला नव्हता.

चौदा दिवस मी ती नळी डोळ्यात तेल घालून सांभाळली. लोक माझ्याबद्दल म्हणाले, जानकीबाईंची माया बघा. मला कुणाशी बोलवत नव्हतं. राही पाठीवर पडून असायची, हलायचं नाही अशी सक्त ताकीद, आणि ती हलत नव्हती. चार भिंती, बंद खिडकी आणि त्या खोलीत आम्ही दोघी. तिला उठता येत नव्हतं आणि मला बोलता येत नव्हतं.

सत्तावीस तारखेला नळी काढली. खाली पांढरं फडकं ठेवलं. दोन तासांनी मी काढलं तर त्यावर ओला ठिपका. वाहत नव्हतं. आधी धार होती, आता ठिपका. पण होता, आणि कुठून होता ते मला विचारायची गरज नव्हती.

डॉक्टर खोलीबाहेर जाऊन भिंतीला टेकले. "कोपराच असणार. पण तो तर सातही दिवस..." त्यांनी डोकं हलवलं. मग आत येऊन नळी परत घातली. लहान गळती असेल तर पिशवी आणखी तीन आठवडे रिकामी ठेवली की कधीकधी आपोआप भरून येते, असं पुस्तकात लिहिलेलं होतं. कधीकधी. दुसऱ्या दिवशी ते बदलीच्या गावी निघाले. स्टँडवर गाडीत चढताना म्हणाले, "सिस्टर, माझं काय चुकलं असेल हो?"

मी म्हणाले, "कुणास ठाऊक."

तो माणूस ते ओझं घेऊन गेला. मी त्याच्या हातात दिलं आणि जाऊ दिलं.

शिमगा आला. पालखी बाजारातून गेली, ढोल दवाखान्याच्या भिंतीपर्यंत ऐकू येत होते. मुंबईहून आलेली पोरं अंगणात नाचून गेली. राही पाठीवर पडून ढोल मोजत होती. मी रोज नळी धुवत होते, रोज ठरवत होते की आज सांगायचं, आणि रोज तिला भाकरी भरवून बाहेर येत होते. सांगून तरी काय होणार, असं म्हणायचे. माणसाला गप्प बसायचं असलं की कारणांना तोटा नसतो.

वीस मार्चला नळी काढली. फडकं ठेवलं. एक तास, दोन तास, चार तास. मी फडकं काढलं, उजेडाला धरलं, उलटं केलं, नाकाला लावलं. कोरडं. दुसऱ्या दिवशीही कोरडं. तिला लघवीची भावना झाली तेव्हा ती घाबरून ओरडली, तिला वाटलं काही फाटलं. सहा वर्षांत ती भावनाच विसरली होती. मी तिला धरून मोरीत नेलं आणि दाराबाहेर उभी राहून तोंडात पदर कोंबून रडले.

सात दिवस मी तिला ठेवून घेतलं. त्या सातही दिवसांची फडकी मी तिच्यादेखत ठेवली आणि तिनेच काढली.

आठव्या दिवशी तिला घाटाकडच्या गाडीत बसवायला मी स्टँडवर गेले. अंगावर धुतलेलं लुगडं, हातात पिशवी. बाकावर जागा होती तरी ती उभीच होती. मला आता सांगायलाच हवं होतं. गाडी यायला पाच मिनिटं होती, आणि मी मुद्दाम पाचच ठेवली होती, हेही खरं.

"राही, तुला एक सांगायचंय."

तिनं कनवटीतून घडी काढली आणि माझ्या हातात दिली. धोतराचं पांढरं फडकं, चारी बाजूंनी किनार. कोपऱ्यावर माझ्या अंगठ्याला काहीतरी टोचलं. गाठ. तीन वेढ्यांची. त्या हिवाळ्यात डब्यावर शेकडो वेळा बघितलेली गाठ माझ्या बोटांनी न विचारता मारली होती.

"हे माजं नाय, बाई. तुमचं हाय. त्याच दिशी कळलं. बोट फिरवलं नि लागली."

मी विचारलं, "मग टेबलावर का चढलीस?"

"डाक्टर चाललेला. दुसरा कोण व्हता?" तिचा आवाज चढला नव्हता. "तुमी येऊन बोलला असतात, राही, आज डाग पडलाय, येळ नाय, काय करू या, तर मी बोलले असते, चला. माजं मी बोलले असते. तुमी मला इचारलंच नाय."

मी फडक्याची घडी घालू लागले.

"नि तवा टेबलावर मी जागी व्हते. कंबर बधिर व्हती, कान नव्हते. तुमी डाक्टरला आणखी एक टाका बोललात, ते मी आयकलं. ते नको बोलले. मग तुमी गप झालात. मी पदराखाली वाट बगत व्हते, आता बाई बोलतील, आता बोलतील."

"तू का नाही बोललीस?" माझ्या तोंडून निघून गेलं, आणि निघताक्षणीच मला स्वतःची शरम वाटली.

"बोलले असते तर तुमी चोर ठरला असतात, दुसऱ्या डाक्टरासमोर," ती म्हणाली. "सहा वर्सांत तुमी एकटीनंच मला कप दिलेला."

गाडी आली. माणसं चढली. ती चढायला लागली आणि पायरीवरून वळून म्हणाली, "पुन्ना कुना बाईला असं फडकं दाखवू नगा, बाई." मग आत गेली. खिडकीशी एक सीट रिकामी होती. सीटपाशी ती थांबली, वाकून हातानं रेक्झीन चाचपलं, गोणपाट शोधावं तसा हात पिशवीकडे गेला आणि परत आला. मग बसली. गाडी पूल ओलांडून घाटाकडे वळेपर्यंत ती बसलेली मला दिसत होती.

दवाखान्यात परत आले ती सरळ टेबलाशी बसले आणि डॉक्टर भोईट्यांना पत्र लिहिलं. तुमचं काही चुकलं नव्हतं, इथून सुरुवात केली. पुढे सगळं लिहिलं, चुलीत घातलेल्या फडक्यापासून कात्रीपर्यंत. पत्राच्या घडीत ते फडकं ठेवलं आणि पाकीट बंद करण्याआधी एकदा त्याच्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. गाठ मी सोडवली नाही.